गाडी मोडीत काढल्यानंतर

पुढच्या बाजूला कुणीतरी बोलत होतं आणि तो आवाज ऐकून आपल्याला बरं वाटतंय, एवढंच आधी तिच्या लक्षात आलं. सकाळची गच्च भरलेली बस. एरवी ती सायकलनं ऑफिसला जायची. आज चाक बसलं म्हणून सायकल चौकातल्या दुकानात टाकून तिथल्याच थांब्यावर ही बस पकडली होती. कुणाच्या तरी डब्याचा कोपरा तिच्या बरगडीत रुतत होता, दार उघडताना आणि मिटताना कण्हत होतं, आणि त्या सगळ्या गलबल्यात हा आवाज. घाई नसलेला, वाक्याच्या मध्येच थांबून खिडकीबाहेर बघणारा आणि सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू होणारा. असा आवाज आपण पूर्वी रोज ऐकायचो असं तिला वाटलं. लहानपणी, माहेरी, कुठेतरी. ती आठवायला लागली. मग समोरचे दोन खांदे बाजूला झाले आणि तिला मान दिसली. त्या मानेवरचे केस तिनंच परवा न्हाणीघरात उभं राहून कात्रीनं सारखे केले होते. डावीकडचे थोडे जास्तच कापले गेले होते. तो तिचा नवरा होता, आणि शेजारी बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी धरलेल्या एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होता.

हाक मारायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात तो म्हणाला, "दुकान बहुतेक वर्षअखेरीला बंद करीन." बाईंनी मान हलवली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. "घरी अजून सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "सांगायचंय. पण कसं आहे, जागाच सापडत नाही." बाईंनी पुन्हा मान हलवली, अगदी समजूतदारपणे, आणि पिशवीचे बंद नीट केले. तिनं तोंड मिटलं. पुढच्या थांब्यावर, जो तिचा नव्हता, तिथं ती उतरली आणि बस निघून जाईपर्यंत थांब्याच्या खांबाआड उभी राहिली, जणू काही चोरी तिनं केली होती.

ऑफिसपर्यंतचं उरलेलं अंतर ती चालत गेली. दुकान बंद करणार म्हणजे काय. चष्म्याचं दुकान, लग्नाच्या आधीपासूनचं, आत काळा पडदा लावलेली डोळे तपासायची खोली असलेलं. त्या खोलीत तो दिवसभर अनोळखी माणसांच्या नाकाला नाक लागेल इतक्या जवळ बसून विचारत असतो: आता बरं दिसतंय की आधी? आणि आता? माणसं म्हणतात आता. मग म्हणतात, नाही, आधीच. त्याला ह्याचा कधी कंटाळा आलेला तिनं पाहिला नव्हता. मग बंद का? गिऱ्हाईक कमी झालं? कुठे जायचं मनात आहे? की काही आजार? की मीच नको झाले आहे? हा शेवटचा प्रश्न इतका शांतपणे आला की रस्ता ओलांडताना ती मध्येच थांबली आणि एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली. आणि दुकानापेक्षाही जास्त तिला दुसरंच काहीतरी लागून राहिलं होतं. तो आवाज. तो आवाज तिचा होता. इतकी वर्षं तो फक्त तिच्या शेजारी बसून निघायचा, आणि गेले कित्येक महिने तो तिनं ऐकलाच नव्हता, आणि ऐकला नाही हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्याकडे गाडी होती तेव्हाची गोष्ट. चालवायची ती. त्याचा एक डोळा लहानपणापासून आळशी. वेळेवर कुणी लक्ष दिलं नाही, त्यामुळे चष्मा लावूनही त्या डोळ्यानं समोरचं धुरकटच दिसायचं. लोकांचे डोळे तपासतो आणि स्वतःचा एक बिनकामाचा, असं तो हसत सांगायचा, आणि एका डोळ्याच्या भरवशावर गाडी चालवायची नाही हे त्यानं तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. म्हणून रोज सकाळी ती त्याला दुकानाशी सोडून पुढे ऑफिसला जायची आणि संध्याकाळी तिथूनच उचलायची. तो तिला ड्रायव्हरसाहेब म्हणायचा. जुनी डिझेलची गाडी. सुरू करताना आधी खोकायची आणि मग सगळा रस्ता एका सुरात गुरगुरत राहायची. त्या गुरगुरण्याच्या पोटात बसून तो बोलायचा. घरी जेवताना दोघं समोरासमोर असायची, तिथं मीठ द्या-घ्या, वीज गेली होती का, लेकीचा फोन आला का, एवढंच. गाडीत मात्र पट्टा लावला, पहिलं वळण घेतलं की त्याचा घसा मोकळा व्हायचा. सुरुवात नेहमी दुसऱ्याच कुणापासून. परवा एक बाई आल्या होत्या, त्यांना लांबचं दिसत नव्हतं, पण चष्मा नको म्हणाल्या, म्हणाल्या लांबचं बघून मी काय करू. मग थोडा वेळ गप्प. मग, मला वाटतं माझ्या आईलाही शेवटी असंच झालं होतं. असा तो वळसा घेऊन आपल्यापाशी यायचा, आणि तिनं फक्त एक करायचं असायचं, ते म्हणजे रस्त्यावरची नजर हलवायची नाही. वळून पाहिलं की तो थांबायचा. लेकीच्या पाठीवर दुसरं मूल होऊ द्यायचं नाही हे त्यांचं गाडीतच ठरलं होतं, एका पावसाळी संध्याकाळी, मागच्या सीटवर पोर तोंड उघडं टाकून झोपलेली असताना. वडील गेले तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. दोन आठवड्यांनी पुलावरच्या कोंडीत आलं. तिनं वायपर लावले होते, पाऊस नसताना. का, ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

आणि ती गाडी तिनंच काढून टाकायला लावली होती. ती शहराच्या वाहतूक खात्यात होती, आणि रोजच्या वापरातल्या खाजगी गाड्या कमी कशा करायच्या हेच गेली काही वर्षं तिचं काम होतं. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर रंगीत रेघा. कोण कुठून कुठे जातं, गाडीत किती जण असतात, बहुतेक गाड्यांत एकटाच माणूस कसा असतो, आणि लोक गाडी लांबच्या प्रवासाला काढतात त्यापेक्षा किती जास्त वेळा कोपऱ्यावरच्या कामाला काढतात; इंजिन गार असताना त्या पहिल्या थोड्याशा अंतरातच ते सर्वांत घाण धूर कसं ओकतं. ती हे लोकांना सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. एका माणसाला भाजी आणायला न्यायचं म्हणून एवढं मोठं लोखंडाचं धूड हलवायचं, हे तिला खरोखरच विचित्र वाटायचं. बसला वेगळी मार्गिका, रुंद फूटपाथ, सायकलीचे रस्ते. ह्यातलं बरंचसं झालंही होतं. खात्याच्या आवारात सकाळी उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये तिची स्वतःची धुरकट गाडी मात्र तशीच उभी असायची. कुणी काही बोललं नव्हतं. तिलाच एक दिवस सहन होईना.

विकू नये, मोडीतच द्यावी, हाही तिचाच आग्रह. विकली तर धूर तोच, फक्त नाक दुसऱ्याचं, असं ती जेवताना म्हणाली होती. तो म्हणाला, "बरं." एवढंच. तिनं तो शब्द तेव्हा होकार म्हणून घेतला. भंगाराच्या आवारात ती कागदांवर सह्या करून बाहेर आली तर तो गाडीत, त्याच्या जागेवर बसलेला होता. पट्टा लावून. सवयीनं लागला असणार. तिनं काचेवर टकटक केलं तसा तो दचकला, हसला, पट्टा काढून उतरला, आणि टपावरून हात फिरवून म्हणाला, "चला, ड्रायव्हरसाहेबांची नोकरी गेली." आणि ती हसली होती. मनापासून. त्या दिवशी तिला हलकं वाटलं होतं, श्वास घ्यायला जास्त जागा झाल्यासारखं. हे ती आता नाकारणार नव्हती. पुढे तो बसनं जायला लागला, ती सायकलनं. तिचे गुडघे सुधारले. घरात ते दोघं आधीसारखेच होते, समोरासमोर, मीठ आणि फोन. आणि मधला तो गुरगुरणारा, पुढे बघत बसायचा तुकडा दिवसातून नाहीसा झाला होता. त्याबरोबर काय गेलं हे तिनं विचारलं नाही, कारण असा प्रश्न तिच्या कोणत्याच नकाशावर नव्हता.

नव्हता असं तरी कसं म्हणायचं. मागे एका वस्तीत लोकांशी बोलायला गेली होती तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं पटतं हो. पण आमचा मुलगा फक्त गाडीतच बोलतो. शाळेत सोडताना. घरी तोंडातून शब्द काढत नाही. त्याचं काय करू?" सगळी सभा हसली होती. तीही हसली होती, आणि म्हणाली होती, त्याला बसमध्येही बोलू द्या, आम्ही बसमध्ये बोलायला बंदी केलेली नाही. पुन्हा हशा. बाई मात्र हसल्या नव्हत्या. खुर्चीवर बसताना त्यांनी साडीचा पदर सारखा केला आणि सभा संपेपर्यंत हातांकडे बघत राहिल्या. ते हात आता तिला दिसायला लागले होते. टेबलावर, नकाशावर, पाण्याच्या ग्लासापाशी.

बसमधून उतरली त्या दिवशी संध्याकाळी तिनं त्याला वाट करून द्यायची ठरवलं. जेवताना समोर न बसता त्याच्या शेजारी बसली. तो म्हणाला, "तिकडे पंखा लागत नाही का?" आणि तिच्यासाठी जागा व्हावी म्हणून स्वतःच उठून पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर त्याच्या बाजूला बसली, तर त्यानं तिला बघायचं असेल म्हणून टीव्ही लावला. कसली तरी खोल समुद्रातल्या माशांवरची फिल्म चालली होती. दोघंही आंधळ्या माशांकडे बघत राहिली. "दुकान कसं चाललंय?" तिनं विचारलं. "चाललंय," तो म्हणाला. "तुझं?" "माझंही." मग एकदा नातेवाइकाकडे जायचं होतं तर तिनं टॅक्सी बोलावली, मुद्दाम, मागे दोघं शेजारी शेजारी बसू ह्या आशेनं. तो सरळ पुढे चालकाशेजारी जाऊन बसला आणि सगळा रस्ता त्याच्याशी बोलत राहिला. चालकाच्या सासऱ्याचा मोतीबिंदू, कुठला डॉक्टर, कुठली भिंगं. मागे एकटी बसून ती त्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून रस्ता बघत होती. तिला वाटलं, ती माझी जागा आहे. गाडी चालवणाऱ्याची. इतकी साधी, पोरकट हळहळ तिला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

सरळ विचारावं, असं रोज वाटायचं. दात घासताना ती वाक्य जुळवायची. मी बसमध्ये होते. पण त्यापुढे तिला तो दिसायचा, चोरी पकडलेल्या माणसासारखा, घाईघाईनं समजावून सांगणारा, तिच्या चेहऱ्याकडे बघत शब्द निवडणारा. तिला माहिती नको होती. तिला त्यानं सांगायला हवं होतं. ह्या दोन गोष्टींत काय फरक आहे हे तिला कुणाला समजावता आलं नसतं, पण त्या फरकासाठी ती दुरुस्त होऊन आलेली सायकल जिन्याखाली ठेवून, तो गेल्यानंतरच्या बसनं ऑफिसला जायला लागली. आणि एका सकाळी त्या म्हाताऱ्या बाई तिला भेटल्या. खिडकीशी, तीच कापडी पिशवी. शेजारची जागा मोकळी होती. ती जाऊन बसली. जणू सवतीला भेटायला आली होती.

"तुम्ही रोज ह्याच बसला असता का?" तिनं विचारलं. बाईंनी मान हलवली. "माझे यजमान असतात कधी कधी तुमच्या शेजारी. उंच, चष्मेवाले." बाईंनी पुन्हा मान हलवली, त्याच समजूतदारपणे. "तुमच्याशी ते बरंच बोलतात, असं दिसलं." बाईंनी तिसऱ्यांदा मान हलवली आणि मग बहुधा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं म्हणून सबंध वळून तिच्याकडे तोंड केलं. "ह्या बाजूला बसून काही उपयोग नाही हो," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "ह्या कानानं मला काही ऐकू येत नाही. दुसऱ्यानं थोडं येतं, पण तो खिडकीकडे." तिनं तोंड जवळ नेऊन प्रश्न पुन्हा विचारला. बाई हसल्या. "ते होय. चांगले आहेत हो. बोलतात बिचारे. मी मान हलवते. माणूस बोलत असताना मान हलवायला काय जातं?" बाईंनी पिशवीतून एक संत्रं काढून तिच्या हातात ठेवलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. ऑफिसात ते संत्रं दिवसभर नकाशाखाली पडून होतं, आणि तिला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे रडू. कुणाला काहीही न सांगता, कुणाच्या तरी शेजारी बसून तो सांगत होता. एवढी गरज होती त्याला.

मग तिनं ती गोष्ट केली. रविवारसाठी भाड्यानं गाडी घेतली. विजेवर चालणारी, म्हणजे निदान शेपटीतून धूर नाही. स्वतःला तिनं असंच समजावलं, पण ज्या बाईनं भरसभेत माणसांना गाड्या सोडायला सांगितल्या तिनं नुसतं हिंडण्यासाठी गाडी काढावी ह्याची लाज तिला किल्ली घेताना वाटलीच. तिनं त्याला सांगितलं, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. तो खाली आला, गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "हे कशाला?" "सहज." तो बसला. पट्टा लावला. तिनं गाडी सुरू केली आणि काहीच झालं नाही, म्हणजे झाली ती सुरू, पण आवाज नाही. रस्ता नुसता मागे सरकायला लागला. पहिलं वळण आलं, गेलं. तिनं नजर रस्त्यावर घट्ट रोवली होती. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, त्यानं गिळलेली थुंकी ऐकू येत होती, त्याच्या बोटाचं नख पट्ट्यावर घासत होतं तेही. "फारच शांत आहे," तो म्हणाला. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." मग पुढे काही नाही. जुन्या गाडीच्या त्या सततच्या गुरगुरण्यात शब्द टाकले की ते अर्धे बुडायचे, अर्धे पोचायचे. इथं प्रत्येक शब्द टेबलावर चमचा ठेवावा तसा वाजला असता. तळ्यापाशी त्यांनी चहा घेतला. परतीच्या वाटेवर पूल आला, आणि ती अगतिकपणे म्हणाली, "बोल ना काहीतरी." तो तिच्याकडे वळला. "काय बोलू?" त्याचा स्वर इतका मऊ, इतका दुखावलेला होता की तिला वाटलं, आता संपलं. जे मोडीत निघालं ते निघालं. दुसऱ्याची गाडी आणून ते परत येणार नव्हतं, आणि हवं होतं ते गाडीत होतं की नव्हतं हेही आता तिला सांगता येईना.

गाडी जिथं परत द्यायची ती जागा घरापासून बरीच लांब, मोठ्या रस्त्याच्या कडेला होती. किल्ली देऊन ती बाहेर आली. रविवारच्या बस कमी. थांब्यावर कुणी नव्हतं. दुपार कलायला लागली होती. "चालत जाऊ या?" तो म्हणाला. तिनं खांदे उडवले. ती दोघं निघाली. हा फूटपाथ तिच्याच खात्यानं रुंद केला होता, एक मार्गिका गाड्यांकडून काढून घेऊन. त्यावरून किती आरडाओरडा झाला होता, तिच्या नावानं किती बोटं मोडली गेली होती. ती स्वतः त्यावरून अशी कधी चालली नव्हती. सायकलचा रस्ता पलीकडून होता. बाजूनं रहदारीचा एकसारखा घोंगावणारा आवाज येत होता, वर झाडांची पानं होती, आणि दोघांची पावलं आपोआप एका चालीत पडली होती. ती दमली होती. तिनं वाट बघणं सोडून दिलं होतं. ह्या महिन्यात पहिल्यांदाच तिच्या मनात काही नव्हतं, फक्त चपलेचा पट्टा चावत होता.

"परवा एक आजोबा आले होते," तो म्हणाला.

तिचं पाऊल चुकलं, पण तिनं ते सावरलं. समोर बघत राहिली.

"त्यांना मी तो चौकड्यांचा कागद दाखवला. आडव्या-उभ्या रेघांचा असतो बघ. मधे एक ठिपका. ठिपक्याकडे बघायचं आणि सांगायचं रेघा सरळ आहेत का. ते म्हणाले, सरळ आहेत. अगदी ठणठणीत. ब्याऐंशीचे आजोबा." एक बस गेली, तिच्या आवाजात तो थोडा थांबला. "मला तो कागद बरेच दिवस झाले सरळ दिसत नाही. आधी वाटलं चुरगळला असेल. पुसून पाहिला. मग नवीन काढला. त्यातही ठिपक्यापाशी रेघा वाकलेल्या. चांगल्या डोळ्यानं. दुसऱ्यानं तर काय, कधीच नव्हतं."

तिनं विचारलं ते एवढंच, आणि तिला स्वतःचाच आवाज स्थिर वाटला. "डॉक्टरांना दाखवलंस?"

"दोघांना. दोघंही तेच म्हणाले, आणि मला आधीच माहीत होतं ते. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध झिजतंय. हळूहळू आहे. काही वर्षं जातील. पण तपासायला बसायचं तर आत्ताच थांबलं पाहिजे. कुणाला चुकीचा नंबर दिला तर?" तो चालत राहिला. "पूर्ण आंधळा नाही होणार. कडेचं दिसत राहतं. रस्ता, दार, माणूस कुठे आहे ते, हे सगळं दिसेल. फक्त ज्याच्याकडे बघावं तेच दिसणार नाही. समोर बसलेल्याचा चेहरा जाईल. बाजूनं चाललेलं माणूस राहील."

तिला वळून त्याच्याकडे बघायचं होतं. ते नाक, चष्म्यामुळे पडलेले नाकावरचे दोन खळगे, भुवईतला तो एक वाढत जाणारा पांढरा केस, सगळं आत्ताच्या आत्ता, तो तिला बघतोय तोवर. मान वळायलाही लागली होती. तिनं ती आवरली. डोळ्यांत पाणी आलं तसं समोरचं झाड फुटून दोन झालं, आणि ती त्या दोन झाडांकडे बघत चालत राहिली.

"कधीपासून?"

"गाडी होती तेव्हापासून. रोज ठरवायचो, पुलापाशी आलो की सांगू. मग पूल जायचा. म्हणायचो, उद्या. मग तू म्हणालीस, गाडी काढून टाकू."

"मग मला अडवायचं होतंस."

"काय सांगून अडवणार? तुझं बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे." त्यानं वाटेतला एक खडा पायानं बाजूला सारला. "आणि खरं सांगू का, जरा सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, चला, आता सांगावं लागणार नाही. नंतर कळलं की न सांगता राहणं जास्त जड आहे."

"मी बसमध्ये होते," ती म्हणाली. "तू त्या बाईंना सांगत होतास तेव्हा. मागे उभी होते. दुकानाचं ऐकलं मी."

तिला वाटलं होतं तो थांबेल. तो थांबला नाही. चालता चालता त्याच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. "आणि इतके दिवस काही बोलली नाहीस. म्हणून ते सोफ्यावर शेजारी येऊन बसणं. मासे बघत."

"त्यांना ऐकू येत नाही, त्या बाजूला."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर त्या बाजूला बसायचो. तोंडाला सवय करत होतो. म्हटलं, एकदा कुणासमोर नीट बोलता आलं की मग तुला सांगू." मग हळूच, "भीती वाटते गं." तिनं हात पुढे केला नाही, खांद्यावर टेकला नाही. फक्त इतकी जवळ सरकली की चालताना त्यांच्या बाह्या एकमेकींना घासायला लागल्या. उन्हं तिरपी झाली होती. एका घराच्या गॅलरीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. तो पुन्हा बोलायला लागला होता, दुकानातल्या खुर्चीचं, ती लेकीच्या जन्माच्या वर्षी घेतली होती, तिचा स्प्रिंग अजून करकरत नाही, ती घरी आणली तर कुठे ठेवता येईल. आणि मग आईचं, तो शाळेत असतानाच तिला कुणाचा चेहरा ओळखू येईनासा झाला, पण पावलं ओळखायची, जिन्यावरच्या पावलांवरून सांगायची कोण आलं. हे त्यानं तिला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. तो आवाज तिच्या कानाशी होता, घाई नसलेला, मधेच थांबून दुकानांच्या पाट्या वाचणारा. आणि तो ऐकत असतानाच तिला त्याची आठवण येत होती, जणू तो ह्यापूर्वीच कुठेतरी निघून गेला होता आणि हे उरलेलं ती चोरून ऐकत होती. असं बोलणारा हा माणूस आणखी किती वर्षं तिच्या शेजारी चालेल, आणि एका कुठल्या तरी सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवताना तो तिच्याकडे बघेल आणि तिथं ती नसेल.

त्यांच्या इमारतीचं फाटक डाव्या बाजूला आलं. तिला ते दिसलं. त्यालाही दिसलं असणार; त्याच्या वाक्यात अगदी बारीक खंड पडला. मग तो पुढे बोलायला लागला, आणि फाटक मागे गेलं.

"दमलीस?" पुढच्या कोपऱ्यावर त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. चप्पल चावत होतीच. "पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"आईंचं. जिन्यावरून कोण यायचं?"

समोर पायी चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा लागला. आजूबाजूची माणसं लगबगीनं पलीकडे गेली. तो सांगत होता की बहुतेक वेळा तोच यायचा, शाळेतून, आणि आईला चकवायला म्हणून एका पायावर उड्या मारत वर चढायचा. दिवा लुकलुकला, लाल झाला, गाड्या सुटल्या. ती दोघं फूटपाथच्या कडेला, तोंडं रस्त्याकडे करून उभी होती. कुणालाही पलीकडे जायचं नव्हतं.